केशराचे भांडवल

केशर ही वस्तू आपल्या घरांना नवी नाही. पूजेच्या चंदनात, कोजागिरीच्या दुधात, सणाच्या श्रीखंडात तिची चिमूट पडते, आणि ती चिमूट घालणारा हात बहुधा थोडा आखडताच असतो. मात्र हे केशर एका कंदातून उगवते, असे सांगितले तर निम्म्या घरांत आश्चर्य व्यक्त होते. कांदा, लसूण, बटाटा जिथे उंबरठ्याच्या आत येत नाहीत, तिथे देवघराशेजारच्या फडताळात पिढ्यान्‌पिढ्या मानाने राहिलेली ही वस्तू कंदाच्या पोटी जन्मते. फरक एवढाच की कंद आपण खात नाही. त्याच्या फुलातील तीन लाल तंतू तेवढे घेतो.

हिंगोलीच्या एका हळदीच्या आडत्याच्या घरी या कंदाचा तीन हिवाळे तपशीलवार हिशेब ठेवला गेला. व्यापारी घरांनी तो वाचावा अशा योग्यतेचा आहे. या गृहस्थांना घरात आणि मोंढ्यात सारे अण्णा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण जुनी मॅट्रिक, पण वजनाचा काटा आणि खतावणी यांच्यापुढे त्यांना फसवणे आजवर कुणाला साधलेले नाही.

अण्णांचे आयुष्य कंदांतच गेले, असे म्हटले तरी चालेल. हिंगोली आणि वसमत या बाजारपेठा हळदीच्या. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीचे जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे हे शब्द या घरातील मुले पाढ्यांच्या आधी शिकतात. हळदीची दिनचर्या आपल्या पावसाशी जुळलेली आहे. मृगाच्या आगेमागे लागवड, पावसाळाभर हिरवा पसारा, थंडी सरता सरता पाने पिवळी पडून आडवी होतात आणि मग काढणी. उरलेले बेणे सावलीत ढीग करून, वर हळदीचाच पाला पसरून ठेवतात. त्याला पाणी द्यायचे नसते, उन्हात टाकायचे नसते, उगाच हलवायचे नसते. उन्हाळाभर ते निजते आणि पावसाच्या गारव्यावर डोळे उघडते. आपल्या माळरानावरचे कंदही याच घड्याळावर चालतात. कळलावी काय, दीपकाडी काय, पहिला पाऊस जमिनीत मुरला की त्या वर येतात.

केशराचे घड्याळ याच्या नेमके उलटे आहे. जिथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, अशा प्रदेशांतील ही वनस्पती. तिचा रानटी पूर्वज ग्रीसमधला, असे शास्त्रज्ञ सांगतात. शरद ऋतू संपता संपता फूल, हिवाळाभर गवतासारखी बारीक पाने, वसंतात पाने पिवळी, आणि मग उन्हाळाभर झोप. काश्मिरात पांपोरच्या करेवा नावाच्या पठारी जमिनीत हे चक्र शतकानुशतके फिरते आहे. तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जांभळी फुले येतात. प्रत्येक फुलात सहा पाकळ्या, तीन पिवळे पुंकेसर आणि तीन लाल तंतू. ते तीन तंतू म्हणजेच केशर. साधारण दीडशे फुलांचे तंतू खुडून वाळवावेत, तेव्हा एक ग्रॅम केशर हाती लागते. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी जगातील सुमारे नव्वद टक्के केशर इराणात पिकते, हेही व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे.

या पिकाची आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी पाठ करून ठेवण्यासारखी आहे. केशराला बी धरत नाही. ही वनस्पती वांझ आहे. कंदापासून कंद, एवढाच तिचा वंशविस्तार. माणसाने खणून, वेगळे करून, पुन्हा लावले नाही तर ती फार दूर पसरणारही नाही. म्हणून कुणी पुडीत केशराचे बी घेऊन दारात आला, तर दार लावून घ्यावे. ‘अमेरिकन केशर’ या भारदस्त नावाने जे बी विकले जाते, ते आपल्या करडईचे असते. ज्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या करडईचे तेल घाण्यावर निघाले, तिथल्याच शेतकऱ्याने तेच बी केशराच्या भावात विकत घ्यावे, याला काय म्हणावे!

अण्णांच्या घरी केशर आले ते मात्र बनावट नव्हते. त्यांचे धाकटे चिरंजीव वाणिज्य पदवीधर, वय तिशीच्या घरात, आणि हळदीच्या धुळीला कंटाळलेले. एका मोठ्या शहरात त्यांनी एक प्रात्यक्षिक पाहिले. बंद खोली, थंड हवेचे यंत्र, मांडण्यांवर लाकडी तबके, तबकांत मातीविना ठेवलेले कंद, आणि त्या उघड्या कंदांवर उमललेली जांभळी फुले. दाखवणाऱ्यांनी सारा आराखडाच हाती ठेवला. खोली, यंत्रे, कंद आणि प्रशिक्षण त्यांचे. पैसे मात्र आपले. एका चांगल्या ट्रॅक्टरच्या किमतीची ती रक्कम होती आणि ती उभी करण्यासाठी दुकानाचा गाळा तारण ठेवण्याची चिरंजीवांची तयारी होती.

“अण्णा, माती नाही, पाणी नाही, तरी फूल येते. मी डोळ्यांनी पाहून आलो,” ते म्हणाले.

“पाण्याविना आले, ते कुणाच्या पाण्यावर आले?” अण्णांनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर चिरंजीवांपाशी नव्हते आणि त्या वेळी ते अण्णांपाशीही नव्हते. त्यांनी नकार दिला नाही. खोली नंतर पाहू, आधी घरात साठ कंद आणू आणि दोन-तीन वर्षे त्यांचे काय होते ते पाहू, एवढेच ते म्हणाले. तरुण माणसाला तीन वर्षे म्हणजे युग वाटते. घरात चार दिवस अबोला होता. पण गाळा अण्णांच्या नावावर होता, त्यामुळे साठ कंदांवर तडजोड झाली.

खरी हरकत आली ती अण्णांच्या पत्नीकडून. पर्युषणाचे दिवस नुकतेच संपले होते, चातुर्मास चालू होता आणि घरात जमीकंदाची पेटी आली. कंद म्हणजे साधारण वनस्पती, एका देहात अनंत जीव. तो खायचा नाही, तसा छळायचाही नाही. अण्णांनी आपल्या व्यवसायाकडे बोट दाखवले. ओली हळद वर्ज्य, पण वाळलेली चालते, सुंठही चालते. आणि त्या चालण्यावर तर आपले घर चालते. त्यावर बाई म्हणाल्या, “हळद आपण विकतो, लावत नाही, उकरत नाही. आता कुंड्या भरणार, माती उपसणार, पाणी घालणार, आणि तेही चातुर्मासात?”

हा आक्षेप टाकाऊ नव्हता, म्हणून त्याचा विचार झाला. आणि विचार करता एक विलक्षण मेळ ध्यानात आला. केशराचा कंद पावसाळ्यात निजलेला असतो. चातुर्मासाच्या साऱ्या काळात त्याला माती लागत नाही, पाणी लागत नाही. उलट पाणी लागले तर तो सडतो. कंदाच्या पोटात अन्न असल्यामुळे फूलसुद्धा मातीबाहेर येऊ शकते. काश्मिरातही अलीकडे पाऊसमान बेभरवशाचे झाल्यापासून काही शेतकरी तिथल्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने कंद घरात तबकांवर ठेवतात, फुले तिथेच खुडतात आणि मग कंद जमिनीत लावतात. म्हणजे मातीचे काम चातुर्मास सरल्यावरच निघते. बाईंनी दोन अटी घातल्या. कुंडीची माती उन्हात तापवू नये, तर चाळून, निरखून, आतला किडामुंगी जीव बाजूला सोडून मग भरावी. आणि सडका कंद केराच्या टोपलीत न टाकता आवारातील लिंबाखाली सावलीत ठेवावा. दोन्ही मान्य झाल्या.

त्या पहिल्या सप्टेंबरात चिरंजीवांनी सोनाराच्या काट्यावर एकेक कंद जोखला. बाहेरून तपकिरी जाळीदार साल, आत पांढरा, घट्ट, टोकाशी चपटा. दिसायला लहान कांदा, पण पाकळ्या-पापुद्रे नसलेला. वनस्पतिशास्त्रात याला घनकंद म्हणतात. साठ कंदांचे एकूण वजन ६१२ ग्रॅम भरले, म्हणजे सरासरी दहा ग्रॅमहून किंचित अधिक. ही नोंद अण्णांनी आपल्या हाताने केली, कारण दहा ग्रॅमचा आकडा महत्त्वाचा आहे. साधारण आठ-दहा ग्रॅमपेक्षा लहान कंद बहुधा फूल देत नाही, नुसती पाने देतो.

घर जुन्या बांधणीचे, माळवदाचे. खाली तळघर, जिथे पूर्वी ज्वारीची पोती राहत. तबके तिथे ठेवली. ऑक्टोबरचा उकाडा वर जाणवत होता तेव्हा तळघर शांत होते. कोंब फुटू लागले. दिवाळीनंतर रात्री गार होताच चिरंजीव संध्याकाळी तबके गच्चीवर नेत आणि उजाडताच खाली आणत, कारण फूल वर यायला सतरा अंशांच्या आसपासचा गारवा लागतो आणि हिंगोलीत तो त्या दिवसांत फक्त रात्रीच मिळतो. नोव्हेंबरच्या मध्यावर पहिले फूल उमलले आणि पुढच्या बारा-तेरा दिवसांत एकूण ४३ फुले आली.

ज्या घराने जन्मभर पिवळा रंग धूळ म्हणून झटकला, त्या घरात ही फुले पाहण्यासाठी शेजारीपाजारी जमले. फूल सकाळीच खुडायचे, तंतू नखांनी अलगद सोडवायचे आणि सावलीत वाळवायचे. ताज्या तंतूला फारसा वास नसतो. केशराचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो वाळताना तयार होतो. ४३ फुलांचे १२९ तंतू. वाळून त्यांचे वजन सव्वादोन गुंजांच्या आसपास भरले. त्यातले थोडे बाईंनी शिरड शहापूरला श्री मल्लिनाथांच्या दर्शनाला जाताना चंदनासाठी नेले. उरलेले चांदीच्या डबीत राहिले.

चिरंजीवांनी त्याच आठवड्यात गणित मांडले. साठ कंदांना त्रेचाळीस फुले, तर दहा हजार कंदांना किती? कागद भरला. अण्णांनी तो वाचला, घडी करून खतावणीत ठेवला आणि म्हणाले, “आता कंद लाव. चैत्रात मोजू.”

चातुर्मास संपला होता. कुंड्या भरल्या. इकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तीत हा कंद गुदमरतो. म्हणून निम्मी वाळू, पाव शेणखत आणि पाव काळी माती असे मिश्रण केले. कंद चार बोटे खोल लावले. सकाळचे ऊन मिळेल अशा पूर्वेच्या कठड्याशी कुंड्या ठेवल्या आणि आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी. पाने छान वाढली. मधोमध पांढरी रेघ असलेली ती हिरवी पाती वीतभर लांब झाली. डिसेंबर-जानेवारीत पाहणाऱ्याला वाटावे की याला इथली हवा मानवली.

पण कंदाचा खरा व्यवहार या पानांच्या काळातच होतो. फूल देऊन जुना कंद रिकामा होत जातो. हिवाळाभर पाने ऊन पितात, अन्न तयार करतात आणि जुन्या कंदाच्या माथ्यावर नवे कंद भरतात. जुना शेवटी वाळून चकतीसारखा उरतो. म्हणजे दर वर्षी सारी जमा नव्याने करावी लागते. जुन्या ठेवीतले जसेच्या तसे काही पुढे ओढता येत नाही. पांपोरला पाने नोव्हेंबरपासून जवळपास मेपर्यंत हिरवी असतात. हिंगोलीत फेब्रुवारीच्या अखेरीस दुपार तापू लागली आणि पात्यांची टोके पिवळी पडली. मार्चच्या मध्यापर्यंत सारे गवत वाळून आडवे झाले. कुणाचे काही चुकले नव्हते. पाणी वाढवून पाहिले, हिरवे कापड बांधून पाहिले. पंधरा दिवस फार तर मिळाले असतील. घड्याळ संपले होते.

मोंढ्यात हळदीची आवक ऐन भरात असताना एका रविवारी कुंड्या उपसल्या. नवे कंद १४०. चिरंजीवांचा चेहरा उजळला; साठाचे एकशे चाळीस, दुपटीहून अधिक. अण्णांनी काटा पुढे सरकवला. एकूण वजन ४०५ ग्रॅम. आठ ग्रॅमच्या वर गेलेले कंद फक्त नऊ. बाकीचे काही सुपारीएवढे, पुष्कळसे हरभऱ्याहून थोडे मोठे.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. पहिल्या वर्षीची त्रेचाळीस फुले हिंगोलीची नव्हतीच. ती काश्मीरच्या मातीत, काश्मीरच्या हिवाळ्यात साठवलेल्या अन्नातून आली होती आणि त्यांच्या कळ्या तिथल्या सौम्य उन्हाळ्यात कंदाच्या आत घडून गेल्या होत्या. हिंगोलीने त्यांना फक्त उमलू दिले. विकत घेतलेल्या कंदाचे पहिले फूल म्हणजे मुद्दलातून वाटलेला लाभांश. ताळेबंद न पाहता जो केवळ लाभांश पाहतो, त्याला ती कंपनी भरभराटीची वाटते. थंड खोलीत उघड्या तबकावर फुललेले कंद पाहून जे दिपतात, त्यांना दाखवले जाते ते हेच पहिले वर्ष. दुसऱ्या वर्षी ते कंद कुठे जातात, हे विचारण्याची पद्धत नाही.

पहिल्या वर्षाच्या अनुभवावरून निकाल द्यावा, अशी मात्र अण्णांची रीत नव्हती. उन्हाळ्याची परीक्षा अजून बाकी होती, आणि या भागात ती कठीण. मे महिन्यात इथला पारा ४२-४३ अंशांवर जातो. केशराच्या कंदात पुढच्या फुलाची कळी घडते ती याच झोपेच्या काळात. वरून पाहता तबकात काहीच घडत नसते. पाणी नको, ऊन नको, हात लावायला नको. पण आत, सालीखाली, आधी पानांचे आणि मग फुलांचे सूक्ष्म अंकुर आकार घेत असतात. त्यासाठी २३ ते २७ अंशांची ऊब निदान पन्नास दिवस लागते. तीस अंशांच्या पुढे गेले की कळी घडत नाही, किंवा घडलेली आतच सुकते. म्हणजे ज्याला आपण झोप म्हणतो, तोच या झाडाचा मुख्य कामाचा हंगाम. आणि माळीकामाच्या नावाखाली ज्याला दर आठ दिवसांनी काही तरी करावेसे वाटते, त्याच्या हाती हा कंद टिकत नाही.

इथे जुने घर उपयोगी पडले. जमिनीत खोल गेले की तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावते, हे भूगोलाचे साधे तत्त्व आहे. आपल्या पूर्वजांनी पेवे आणि तळघरे खणली ती धान्यासाठी, पण त्यामागे हाच अनुभव होता. चिरंजीवांनी तळघरात तापमापक टांगला आणि रोज नोंद ठेवली. बाहेर धगधग असताना आत २८, फार तर २९. यंत्राशिवाय, विजेशिवाय. स्लॅबच्या नव्या घरांत हे साधले नसते, आणि गच्चीखालच्या खोलीत कंद ठेवणाऱ्याने तर आशाच सोडावी.

जूनमध्ये दुसरा शत्रू आला. उन्हाळ्यात जे तळघर आई झाले होते, तेच पहिल्या पावसानंतर ओल धरू लागले. भिंतीला पोपडे आले, हवेला कुबट वास आला आणि तबकाच्या कडेचे काही कंद मऊ पडून त्यांवर निळसर बुरशी दिसली. कोरड्या उन्हाळ्याच्या देशातील या कंदाने निजलेल्या अवस्थेत चार महिन्यांचा पाऊस कधी अनुभवलेलाच नसतो. आपल्या कोरड्या म्हणवणाऱ्या जिल्ह्यातही त्याला मारते ते पाणीच. त्या आठवड्यात सतरा कंद गेले. ते बाईंच्या अटीप्रमाणे लिंबाखाली ठेवले गेले, आणि उरलेले माळ्यावर, हळकुंडांच्या नमुन्यांच्या शेजारी, वारा खेळेल अशा वेताच्या टोपल्यांत, सुक्या वाळूच्या थरांत हलवले. पावसाने तोवर हवाही उतरली होती. बाई पावसाळाभर दर अष्टमी-चतुर्दशीला टोपल्या निरखत. पहिल्या वर्षी आक्षेप घेणारा हात आता एकेक कंद उचलून, फुंकर घालून, पुन्हा वाळूत ठेवत होता. याविषयी घरात कुणी काही बोलले नाही.

दुसऱ्या नोव्हेंबरात पाच फुले आली. पाच फुलांचे पंधरा तंतू, तेही पहिल्यापेक्षा आखूड. नऊ मोठ्या कंदांपैकी पाचांनी फूल दिले, याचा अर्थ तळघराने आपले काम चोख केले होते. इथल्या उन्हाळ्यावर उपाय आहे, हे सिद्ध झाले. उपाय नव्हता तो इथल्या आखूड हिवाळ्यावर. उन्हापासून कंद लपवता येतो. थंडीचे न आलेले दोन महिने कुठून आणणार? बंद खोलीत यंत्राने थंडी आणि दिव्यांनी ऊन तयार करता येते, हे खरे. पण फुलांचे पंधरा-वीस दिवस खोली थंड ठेवणे वेगळे आणि पानांचे पाच-सहा महिने रोज दिवसभर कृत्रिम ऊन पाजणे वेगळे. तो खर्च सोसायचा नसेल, तर दर वर्षी नवे कंद विकत घ्यावे लागतात, आणि मग नफा पिकवणाऱ्याचा न राहता कंद विकणाऱ्याचा होतो.

हे अण्णांनी सांगितले नाही. तिसऱ्या चैत्रापूर्वीच चिरंजीव एका रात्री खतावणी घेऊन त्यांच्यासमोर बसले. दुसऱ्या हिवाळ्याअखेरचे वजन त्यांनीच केले होते, २३८ ग्रॅम, आणि आठ ग्रॅमचा एकही कंद उरला नव्हता. ६१२, ४०५, २३८ हे तीन आकडे त्यांनी एकाखाली एक लिहिले होते. शेजारी पहिल्या वर्षीचा तो घडी घातलेला कागदही होता.

“अण्णा, संख्या वाढत होती म्हणून मी खूश होतो,” ते म्हणाले. “वजन घटत होते.”

“मोंढ्यात आपण नग मोजतो का रे?” अण्णांनी विचारले, आणि दोघेही हसले. त्या शहरातील मंडळींना चिरंजीवांनी पत्र पाठवून एकच माहिती मागितली होती. ज्यांनी खोली उभारून तीन वर्षे झाली, अशा कुणा एकाची कंदांच्या वजनाची नोंद पाहायला मिळेल का? उत्तरादाखल फुलांची छायाचित्रे आली.

तारणाचा विषय तिथेच मिटला. चिरंजीवांनी त्या पावसाळ्यात हळदीच्याच व्यवहारात, बाहेरगावच्या मसाला कारखान्यांना प्रतवारी करून थेट माल पाठवण्याचे काम सुरू केले. केशर ओळखण्याची नजर मात्र त्यांना या तीन वर्षांनी दिली. खरा तंतू कोमट पाण्यात सोनेरी रंग सावकाश सोडतो आणि स्वतः लालच राहतो. रंगवलेला तंतू क्षणात पाणी लाल करतो आणि पांढुरका पडतो. मंदिरासाठी केशर घेताना आता नातेवाईक डबी आधी त्यांच्याकडे पाठवतात.

म्हणून कुणी हौसेसाठी केशर लावूच नये का? लावावे. दहा-बारा मोठे कंद सप्टेंबरात आणावेत, थंड अंधाऱ्या जागी ठेवावेत, रात्रीचा गारवा द्यावा. आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर उमललेल्या फुलाचे चार तंतू देवाच्या चंदनात घालण्याचे समाधान बाजारातील डबीतून मिळत नाही. त्या समाधानाची किंमत खर्चाच्या बाजूला लिहावी, गुंतवणुकीच्या नव्हे.

तिसऱ्या हिवाळ्यात फूल आले नाही. उरलेले कंद एकाच पसरट कुंडीत लावले होते आणि त्यांतून फक्त पाती आली, बारीक, दाट, पांढऱ्या रेघेची. मार्चमध्ये कुंडी उपसून वजन केले, १३१ ग्रॅम, आणि अण्णांनी ते चौथ्या ओळीत लिहून खाली रेघ ओढली. कंद फेकायचे नाहीत, असे बाईंनी आधीच सांगितले होते. माळ्यावरच्या टोपलीत कोरडी वाळू भरून ते ठेवले आहेत, आणि दर अष्टमी-चतुर्दशीला टोपली अजून खाली उतरते.